नव्या शहरात नोकरी शोधताना

डिग्री घेऊन लातूरहून पुण्यात आलो, कॉट बेसिसवर जागा घेतली आणि आधी हिशेब मांडला: जवळचे पैसे किती महिने पुरतील? जो तो हिंजवडीकडे धावतो; मेकॅनिकलवाल्यांनी भोसरी, चाकणही पालथं घालावं. एका एजन्सीने 'डिपॉझिट' मागितलं, मी सरळ उठलो. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही.

त्यापेक्षा अप्रेंटिसशिप बघा. १९६१ च्या कायद्यात १९७३ साली पदवीधर आणि डिप्लोमा इंजिनिअरही आले. वर्षभर स्टायपेंड मिळतो, नोंदणी फुकट. पुढे नोकरीची हमी नाही. पण 'अनुभव किती?' याला उत्तर तयार होतं. शिवाय कॉटचं भाडं सुटलं, की मिळेल त्या पगाराला मान डोलवावी लागत नाही.