समुद्री उद्यान आणि धंदेवाल्यांचे म्हणणे

समुद्री उद्यान म्हणजे मासेमारी बंद, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुधा समुद्राचे पट्टे पाडले जातात: कुठे मासेमारी चालू, कुठे बंद. पट्ट्याची रेघ कुठे पडते, यावर अनेकांची रोजी ठरते.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ उद्यान १९७५ च्या कायद्याने झाले. तेथे २००४ साली नवा आराखडा लागू झाला. पूर्ण मासेमारीबंदी ५ टक्क्यांहून कमी भागात होती, ती सुमारे ३३ टक्क्यांवर गेली. त्याआधी दोन फेऱ्यांत लोकांची मते मागवली होती. ३१ हजारांहून अधिक लेखी निवेदने आली आणि मसुद्यातील अनेक रेघा बदलल्या. नुकसान झालेल्या मच्छीमारांना व संबंधित धंद्यांना सरकारने आर्थिक मदतही दिली.

आपल्याकडे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. मच्छीमारांचा विरोध पुढे अनेक वर्षे राहिला.

आमचे सांगणे इतकेच की, असा मसुदा निघाल्यास मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. 'पोटावर पाय देऊ नका' एवढे लिहून भागत नाही. जागा कोणती, हंगाम कोणता, होड्या किती, बर्फवाले, जाळी विणणारे, सुकी मासळी विकणारे किती, हे मांडावे. एकदा ओढलेली रेघ हलवणे कठीण.