एका घोड्याची शिंगरं किती?

रायगडमधल्या म्हसळ्याहून माणगाव गाठायचं, ताम्हिणी घाट चढायचा की आलं पुणे. देशभरातल्या शर्यतीच्या घोड्यांची जन्मनोंद तिथेच, स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या दप्तरी होते. शिंगराचे आईबाप तोंडी सांगून चालत नाही, डीएनए जुळावा लागतो. त्यामुळे या घोड्यांची पोरं किती, याचं उत्तर कागदावर तयार असतं!

त्यात शर्यतीच्या घोड्यांच्या या थरोब्रेड जातीला कृत्रिम रेतन जगभर बंद. घोडी घोड्याकडे न्यायचीच. ती अकरा महिने गाभण राहते, शिंगरू बहुतेक एकच. शंभर घोड्या भरवल्या तर साठ-पासष्ट जिवंत शिंगरं हाती लागतात. आता हिशोब करा: हंगामाला साठ घोड्या, असे पंधरा हंगाम, म्हणजे शिंगरं साडेपाचशेच्या आसपास. कॅनडाचा जगप्रसिद्ध नॉर्दर्न डान्सर याच जातीचा, साधारण ६४५ शिंगरांचा बाप. त्याचा एक मुलगा, रझीन, भारतात आला आणि इथल्या शर्यतींच्या घोड्यांचा नामांकित बाप ठरला.

हल्ली काही घोडे एका हंगामात दोनशेच्या वर घोड्या भरवतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये १४० ची मर्यादा घातली, २०२२ मध्ये मागे घेतली. ती राहायला हवी होती.

अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या आणि ड्रेसाजच्या, म्हणजे तालबद्ध चालींच्या स्पर्धेतल्या, घोड्यांचा आकडा मात्र हातात सापडत नाही. तिथे कृत्रिम रेतन चालतं आणि गोठवलेलं वीर्य देशोदेशी जातं. बाप एका देशाच्या नोंदवहीत, शिंगरू दुसऱ्याच्या. एकाच वहीतली शिंगरं मोजून बेरीज केली, तर बाकीची सुटलीच! मग विकल्या गेलेल्या मात्रा, त्यातून ठरलेला गर्भ, जगलेलं शिंगरू, असा टप्प्याटप्प्याने अंदाज बांधावा लागतो. घोडा मरून वर्षं लोटली तरी पोरं होतच राहतात.

म्हसळ्यात घोडा क्वचितच दिसतो, पण हाच हिशोब गायीला लावून बघा. गाय माजावर आली की डॉक्टर उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीतून गोठवलेल्या वीर्याची एक बारीक कांडी काढतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, की मात्रा तयार. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो जरूर टिपून ठेवा. टॉयस्टोरी नावाच्या अमेरिकन वळूच्या अशा २४ लाख मात्रा खपल्या. वासरं? अंदाजे पाच लाख!

नंबर टिपायचा तो एवढ्यासाठी. १९६२ मध्ये जन्मलेल्या आर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूच्या मुलीच सोळा हजार होत्या आणि त्याच्या रक्तात एक घातक दोष लपलेला होता. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरतो. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार त्यापायी जगभर पाच लाखांच्या आसपास गर्भ गेले. दोष सापडेपर्यंत पाच दशकं उलटली होती. आज साध्या जनुक चाचणीत तो पकडता येतो.