बेटावरचा रिसॉर्ट निवडताना : आधी तिथी, मग खोली



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या काकूंनी विषय काढला. "पाच वर्षं आंबापोळीच्या आणि कोकमाच्या पैशातनं आठवड्याला दीडशे बाजूला टाकत्ये. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं. आता मला अंदमान बघायचंय. आणि राहायचं ते चांगल्या रिसॉर्टात, सकाळचा चहा मला कुणीतरी आणून द्यायला हवा." सगळ्या हसल्या, पण नको असं एकीनेही म्हटलं नाही. आम्ही अकरा जणी. प्रत्येकीचे ३९,००० रुपये जमलेत. त्यात जाणं-येणं, बोटी, खाणं सगळं बसवायचं आणि दोन रात्री ऐषारामाच्या काढायच्या. रिसॉर्ट शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण अंदमानला जाऊन आलेली मी एकटीच.

मी गेले होते लेक-जावयाबरोबर, आणि तिथे जे झालं ते आधी सांगते. खोलीला 'सी फेसिंग' म्हटलं होतं, म्हणजे समोर समुद्र. फोटोत पायरीपर्यंत निळं पाणी. आम्ही बोटीने दुपारी चारच्या सुमारास पोहोचलो. समुद्र समोर होता हे खरं, पण पाणी पार लांब गेलेलं आणि मध्ये सगळी खडपं आणि मेलेली पोवळी. पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, थांबू थोडं. तर साडेपाचला काळोख! अंदमान आपल्या खूप पूर्वेला, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे सूर्य पहाटे लवकर उगवतो आणि थंडीच्या दिवसांत साडेपाचच्या आसपास मावळतो. सकाळी भरतीचं पाणी पायरीशी आलं, तेव्हा आम्ही बॅगा घेऊन परतीच्या बोटीसाठी निघालो होतो.

रिसॉर्टवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं. चूक माझी. त्या दिवशी पौर्णिमा होती हे मला माहीत होतं. आपण कालवं काढायला, मुळे काढायला तिथी बघूनच जातो की नाही? अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली ओसरतं. अष्टमीच्या पुढे-मागे भांग, पाणी फार हलत नाही. हे जगातल्या बहुतेक किनाऱ्यांना लागू आहे, अंदमानालाही. भरतीची वेळ काढायचा आपला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब तिथे चालणार नाही, कारण वेळ जागेप्रमाणे बदलते. पण पाणी किती मागे जाणार याचा अंदाज आपलं कॅलेंडर बघून येतो. कालवं काढताना मी तिथी बघते, आणि एवढे पैसे भरताना बघितली नाही.

म्हणून या वेळी पहिला प्रश्न मी हाच लिहून काढला : तुमच्या समोरच्या पुळणीचा ओहोटीच्या वेळचा फोटो पाठवा. भरतीचा फोटो सगळेच पाठवतात.

आता नावांचा घोळ सोडवते, कारण जाहिरात एका नावाने असते आणि बोटीचं तिकीट दुसऱ्या. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचं नाव स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बेटं तीच. विमान श्री विजयपुरमला उतरतं, तिथून बोटीने स्वराज द्वीपला दीड ते अडीच तास लागतात.

बहुतेक रिसॉर्ट स्वराज द्वीपवरच आहेत, आणि त्यातले पुष्कळसे पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगर या भागांत. जेटी जवळ, बाजार जवळ, सकाळी सूर्य समुद्रातून वर येताना दिसतो. पण ओहोटीला खडपं उघडी पडतात ती याच बाजूला. पश्चिमेला राधानगरची पुळण आहे, लांबरुंद, वाळूची, आपल्या गणपतीपुळ्यासारखी, सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. तिथे ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. मात्र जेटीपासून ती १२ किलोमीटरच्या आसपास लांब आहे, राहायच्या जागा कमी आणि महाग. माझं मत असं, की अकरा जणींनी पूर्वेला राहावं आणि एक अख्खी दुपार गाडी करून राधानगरला घालवावी. पाण्यात उतरायला पुळण फुकटच आहे, ती खोलीच्या भाड्यात विकत कशाला घ्यायची? उतरायचं तेही जीवरक्षक सांगेल तिथेच. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाटी लावलेली असेल तर ती वाचायची.

श्री विजयपुरमची रात्र साध्या लॉजवर काढायची. तिथे सेल्युलर जेल बघायचं आहे. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते आणि नंतर १९२४ ते १९३७ आपल्या रत्नागिरीत स्थानबद्ध, त्यामुळे आपल्याकडच्या कुणाचंही अंदमान त्या जेलशिवाय पुरं होत नाही. दिवसभर फिरून रात्री नुसतं झोपायचं असेल तर तिथे महागडी खोली कशाला? ऐषाराम जिथे दिवसभर बसून उपभोगता येईल तिथेच घ्यावा.

कधी जायचं, यावर बैठकीत सगळ्यात जास्त वाद झाला. एकीच्या मुलाने मोबाइलवर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचं पॅकेज दाखवलं, जवळजवळ निम्म्या दरात. आंब्याचे पैसे हातात, मुलांना सुट्टी, आणि वर एवढं स्वस्त! मी विचारलं, "रेडिओवर मान्सून अंदमानात दाखल झाला असं कधी सांगतात?" सगळ्या गप्प. दरवर्षी आपण ती बातमी ऐकतो आणि उरलेला आंबा उतरवायची घाई करतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस तिथे पोहोचतो, केरळात १ जूनला, मग आपल्याकडे. म्हणजे आपल्या हातात पैसा येतो नेमका तेव्हा तिथला समुद्र खवळायला लागतो. बोटी रद्द होतात, पाण्यातले खेळ बंद होतात, आणि रिसॉर्टवाले दर उतरवतात ते म्हणूनच. परतीचा पाऊसही तिथे नोव्हेंबरपर्यंत, कधी त्यापुढेही रेंगाळतो. जानेवारी ते मार्च हे खरे चांगले महिने. त्यात मार्चमध्ये आपला काजू आणि आंबा सुरू. उरले जानेवारी-फेब्रुवारी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं, त्यातून कोण हलणार? पण रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी अष्टमी. भांग! काकूंनी लगेच कालनिर्णय काढलं.

पैशाचं आता. 'लक्झरी', 'प्रीमियम', 'डीलक्स' हे शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतो. हॉटेलला तारे देण्याची केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची पद्धत आहे, पण ती हॉटेलने स्वतः अर्ज केला तरच. तेव्हा शब्द बाजूला ठेवून काय-काय मिळणार तेच विचारायचं. जेवणासाठी त्यांची अक्षरं असतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. जवळ खानावळी असतील तर सीपी पुरे, नाहीतर एमएपी घ्यावं. आणि चतुर्थी-एकादशी येत असेल तर उपवासाचं काय मिळेल तेही आधीच विचारावं. दोन केळी देऊन भागवतात आणि पैसे पुऱ्या जेवणाचे लावतात.

मालदीवची जाहिरात बघून कुणी म्हणेल, मग तिथेच जाऊ. आखातात असलेला भाऊ किंवा मुलगा पैसे द्यायलाही तयार असतो. तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतो. बाहेर टपरी नाही, चहासुद्धा त्यांच्याच दराने. विमानतळापासून बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचे किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, आणि ते विमान फक्त दिवसा उडतं. तिथे जायचं तर खोलीच्या दराआधी बेटापर्यंत पोहोचायचा खर्च विचारावा.

कराची एक गंमत सांगते. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वरच्या खोलीला १८ टक्के. ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते. ७,६०० ची पडते ८,९६८ ला. भाड्यात फरक २०० चा, बिलात ११९८ चा. आम्हाला चार खोल्या, दोन रात्री लागणार, म्हणजे ९,५८४ रुपये नुसत्या त्या २०० च्या पायी. म्हणून दर विचारताना "करासकट किती?" असंच विचारा. बिलात कुणी सर्व्हिस चार्ज आपोआप लावला तर तो देणं सक्तीचं नाही, काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

चार खोल्यांत अकरा जणी म्हणजे तिघींच्या तीन खोल्या आणि दोघींची एक. तिसरीसाठी 'एक्स्ट्रा बेड' म्हणतात, तो पुष्कळदा जमिनीवरची गादी निघतो. काकूंचे गुडघे बघता मी खाट आहे की गादी हे विचारलं. खोली तळमजल्यावर आहे का, आणि जेटीवरून बोटीत उतरायला हात द्यायला माणूस असतो का, हेही. यातलं काहीच विचारायला लाज वाटू देऊ नका. शहरातली माणसं उशीचा प्रकारसुद्धा विचारतात.

आगाऊ रकमेबद्दल दोन गोष्टी. बोट रद्द झाली आणि आपण बेटावर पोहोचूच शकलो नाही तर पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. आणि पैसे रिसॉर्टच्या नावाच्या खात्यातच भरा, कुणा व्यक्तीच्या मोबाइल नंबरवर नको. रिसॉर्टचे फोटो उचलून बनावट वेबसाइट काढणारे लोक आहेत. फसलात तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

परत येताना पिशवीत शंख-पोवळी आणू नका. किनाऱ्यावर पडलेली असली तरी नाही. पोवळी आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि विमानतळावर पिशव्या तपासतात.

तर आमचं कुठपर्यंत आलंय? तीन रिसॉर्टांना मी हे सगळे प्रश्न पाठवले. एकाने ओहोटीचा फोटो दुसऱ्याच दिवशी पाठवला, खडपांसकट, आणि पाण्यात कुठून उतरता येतं ते खूण करून दाखवलं. दुसऱ्याने फोटो नाही पाठवला, पण फोन करून सरळ सांगितलं, "ताई, आमच्याकडे ओहोटीत पोहता येत नाही, म्हणून आम्ही तलाव बांधलाय." तिसऱ्याने फुलांच्या पाकळ्या पसरलेल्या पलंगाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'सी फेसिंग'. त्याचं नाव मी वहीतून खोडलं. राहिलेल्या दोघांपैकी कुठे जायचं, ते शनिवारच्या बैठकीत ठरेल.