तापलेल्या इंजिनाची चौकशी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला आजचा विषय थोडा तेलकट वाटेल. परंतु ज्याच्या दारात जुनी फियाट किंवा अॅम्बॅसडर उभी आहे त्याला, आणि ज्याचे पोट तिच्या दुरुस्तीवर चालते त्यालाही, तो जवळचा आहे. गाडी उकळली, बंद पडली, गॅरेजात ओढून आणली, की पहिला निकाल ऐकू येतो : "इंजिन गेले." माझे म्हणणे एवढेच की, चौकशीपूर्वी हा निकाल देऊ नये. आरोपपत्र आणि पुरावा यांवाचून कोणाला कामावरून काढू नये, असे आम्ही कामगार चळवळीतील माणसे म्हणतो. यंत्रालाही तोच न्याय लावावा. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्याच्याही पुष्कळ आधी. तेव्हा चुकीचा निकाल म्हणजे बहुधा भंगारवाल्याला बोलावणे होय.

प्रथम गाडी तापते का, ते पाहू. रेडिएटरने टाकलेली उष्णता ही आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तपमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ अंशांचा. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ४५ अंशांचा. म्हणजे रेडिएटरची जवळजवळ एक-तृतीयांश शक्ती उन्हानेच खाल्ली. अशा दिवशी भरलेली गाडी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढू लागली, की वेग कमी, वारा कमी आणि इंजिनावर भार मात्र पुरा. रेडिएटरच्या झाकणाने चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो दाब धरला, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल असेल तर ते शंभरालाच उकळते.

म्हणून गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळते आणि तोंड-हात भाजतात, तेही बहुधा गॅरेजातल्या पोराचे. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणीही ओतू नये; बिडाला तडा जाण्याची भीती असते. आणखी एक सावधगिरी : पाणी पार आटले की काट्याचे टोक वाफेत राहते आणि काटा खाली येऊ शकतो. तो उतरला म्हणून इंजिन निवले असे समजू नये.

आता चौकशी. तिचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा.

इंजिन पूर्ण निवल्यावर डिपस्टिक काढावी. तेल दुधाळ किंवा चहासारखे दिसले, अथवा पातळी वाढलेली आढळली, तर तेलात पाणी शिरले आहे. मग इंजिन चालू करूच नये. ते तेल बेअरिंगे खाईल.

नंतर चारही स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे. सिलिंडरात पाणी साचले असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. एखादा प्लग ओला किंवा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर संशयित सिलिंडर सापडलाच.

तिसरी पायरी कॉम्प्रेशन मोजण्याची. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी आला, तर त्यांच्यामधले गॅस्केट जळाले असण्याचा संभव मोठा. एकातच कमी असेल तर चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा बोअरचा. न वाढला तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा तडा. सिलिंडरात हवा भरून ऐकले की उत्तर अधिक स्पष्ट होते : सायलेन्सरमध्ये फुसफुस झाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरमध्ये झाली तर इनलेट, तेलाच्या तोंडाशी झाली तर रिंगा, आणि रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

एवढे झाल्यावरच हेड उतरवावे. अॅम्बॅसडरच्या जुन्या इंजिनात हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. फियाटचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. बोल्टांनी जखडलेले ते हेड वाकते. सरळ पट्टी लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज घालावा. मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. थोडे वाकले असेल तर फेसिंग करून भागते. परंतु व्हॉल्व्हच्या बैठकांमध्ये तडा असेल, किंवा धातूच नरम पडला असेल, तर फेसिंगचे पैसे वाया जातात. बोअरवर उभे ओरखडे असतील तर नुसते हेड करून निभणार नाही.

मूळ कारण सापडल्याशिवाय चौकशी मिटवू नये. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरात बसलेला क्षार, ढिला फॅनबेल्ट, झिजलेला पंप, अडकलेला थर्मोस्टॅट, बिघडलेले टायमिंग, यांपैकी गुन्हेगार मोकळा राहिला तर नवे गॅस्केटही पुढच्या घाटात जळेल.

शेवटी पैशाची गोष्ट. नव्या सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो, कारण तो हातात दिसतो. तपासणीच्या दोन तासांची मजुरी मागितली की मात्र आपण म्हणतो, "तू केलेस काय? नुसते पाहिलेस!" मग मिस्त्री पाहणे सोडून देतो आणि अंदाजाने हेड उघडतो, तो अंदाज आपल्यालाच महाग पडतो. म्हणून मालकाने तपासणीची मजुरी आधी ठरवावी, आणि मिस्त्रीने दाबाचे आकडे कागदावर लिहून, पट्टीखालची फट मालकाला दाखवून, मगच खर्च सांगावा. एकाला कष्टाचा मोबदला मिळेल, दुसऱ्याला पुरावा मिळेल, आणि दोघांमधला संशय कमी होईल.