ओळखीचं नाव मतापर्यंत कसं पोचतं

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. उभी असतात ती माणसं, आणि ती गावाच्या ओळखीचीच असतात. कोण कुणाच्या अडीनडीला धावला, कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, सगळं तोंडपाठ. तिथे नाव पोचवायचं नसतं, नावाला चिन्ह जोडायचं असतं. 18 डिसेंबर 2022 च्या मतदानासाठी चिन्हं 7 डिसेंबरला वाटली गेली. अकरा दिवसांत आपले आप्पा म्हणजे कपबशी की शिट्टी, हे नजर अधू झालेल्या आजीलाही कळायला हवं. त्यात एका मतदाराची मतं अनेक: प्रभागातल्या दोन-तीन जागांची आणि थेट सरपंचाचं वेगळं. म्हणून पॅनेलवाले नमुना मतपत्रिका घेऊन घरोघर फिरतात.

शहरात गणित उलटं होतं. चिन्ह सगळ्यांना ठाऊक, माणूस कुणालाच नाही. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत 2017 मध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते. अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखादं नाव ओळखीचं निघतं. बाकीच्या ठिकाणी बोट चिन्ह शोधतं. एका लोकप्रिय उमेदवाराच्या आधाराने तीन अनोळखी उमेदवार निवडून येऊ शकतात, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते. पुढची पाच वर्षं नळाला पाणी नसलं तर दार कुणाचं ठोठावायचं?

ओळख तयार होते ती मात्र खूप आधी. निवडणूक खर्चाचा हिशेब उमेदवारीपासून धरला जातो. वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडी, हळदीकुंकू, मोफत देवदर्शनाच्या बसगाड्या हे सारं त्याआधी उरकलेलं असतं. ज्याच्याकडे पैसा, त्याचं नाव चौकात.

बायकांसाठी हा रस्ता आणखी लांबचा. 2011 पासून निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत, पण फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि ती 'वहिनी'. बचतगटाचं, अंगणवाडीचं काम केलेल्या बाईला लोक तिच्या स्वतःच्या नावाने ओळखतात, आणि अशी उमेदवार प्रचारातही स्वतः बोलते.

ओळखीचं नाव उलटूही शकतं. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडला सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले. त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. पुढच्या वर्षापासून निवडणूक आयोगाने लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापायला सुरुवात केली. स्थानिक निवडणुकीत असा सारखेपणा जास्त महागात पडतो, कारण मतांचं अंतरच मुळात थोडं असतं. 2017 मध्ये मुंबईच्या प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला.