बॉयलर आपला, तपासणी दुसऱ्याची

व्यापारी माणसाला कोणतीही वस्तू दाखवा, तो पहिला प्रश्न भावाचा करतो. आम्हीही त्याला अपवाद नाही. गेल्या वर्षी आम्ही इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न येथे आमच्या मामूंकडे गेलो होतो. घरामागच्या शेडमध्ये नेऊन त्यांनी एका वस्तूवरची चादर बाजूला केली. आत रेल्वेचे छोटेसे इंजिन होते, हातभर लांब, हिरव्या रंगाचे. आम्ही लगेच विचारले, "मामू, हे केवढ्याला पडले? आणि विकले तर किती येतील?"

मामू हसले. म्हणाले, "बेटा, हे विकायला केलेले नाही. पण हिशेबच हवा असेल तर लिहून घे. सात वर्षे लागली."

मामू १९६७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रत्नागिरी जिल्ह्यातून आपल्या वडिलांपाठोपाठ तिकडे गेले आणि कापडाच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. पुढे लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. मामूंनी एका वर्कशॉपमध्ये लेथचे काम शिकून घेतले आणि त्यावर संसार केला. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले. रिकामे हात कारागिराला बरे वाटत नाहीत. त्यातून हा शौक लागला.

खेळणे नव्हे

हे इंजिन म्हणजे चावीचे किंवा बॅटरीचे खेळणे नव्हे. त्यात खरा कोळसा जळतो, खरे पाणी उकळते आणि खऱ्या वाफेवर पिस्टन चालतो. रुळांमधील अंतर अवघे साडेतीन इंच. मोठ्या इंजिनाचा सुमारे सोळावा हिस्सा. तरीही ते एका मोठ्या माणसाला ओढून नेते. या छंदाच्या क्लबांनी उद्यानांतून कमरेएवढ्या उंचीवर रूळ टाकलेले असतात. रुळांवरच्या गाडीवर माणूस दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतो आणि पुढचे इंजिन हाकतो.

इंग्लंडमध्ये हा छंद जुना आहे. 'मॉडेल इंजिनिअर' हे त्याचे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केले. एवढ्या छोट्या इंजिनात कोळसा नीट जळेल काय, यावर १९२० च्या दशकात तेथे मोठा वाद झाला. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी इंजिनेच बरी, असे काही जाणकार म्हणत. तेव्हा 'एल.बी.एस.सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रेल्वेच्या माणसाने आपले अडीच इंची रुळांचे कोळशाचे इंजिन चालवून आणि त्यावर माणूस ओढून दाखविला. त्या इंजिनाचे नाव होते 'आयेशा'. आमच्या घराघरांत असलेले हे नाव तेथे ऐकून आम्ही चमकलो. या लेखकाने पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ, १९६७ मध्ये निधन होईपर्यंत, साध्या कामगाराला समजेल अशा भाषेत इंजिने बांधण्याची कृती लिहिली. मामूंचे 'टिच' नावाचे चार चाकांचे इंजिन त्यांच्याच नकाशावरून बांधलेले आहे.

काम कसे चालते

चाके आणि सिलिंडर यांचे ओतीव भाग व नकाशे विकणारे दुकानदार तेथे आहेत. एकदम सगळा संच घ्यायची सक्ती नसते. जसे काम पुढे सरकेल तसे भाग घ्यावेत. पगारदार माणसाला हे परवडते आणि दुकानदाराचे गिऱ्हाईकही वर्षानुवर्षे टिकते. व्यापाऱ्याने ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु ओतीव भाग म्हणजे कच्चा माल. चाक लेथवर फिरवून गोल करणे, सिलिंडरचे भोक आरपार सरळ कातणे, दांडे कानशीने घासून बसविणे, हे सारे स्वतः करायचे. एक केसभर चूक झाली की वाफ गळते.

नकाशातला आकडा सोळापट लहान केला म्हणून निसर्गाचा नियम लहान होत नाही. लांबी सोळापट कमी झाली की पाण्याचा साठा चार हजार शहाण्णवपट कमी होतो. त्यामुळे छोटा बॉयलर पटकन थंड होतो, आणि भट्टीवरचे पाणी बघता बघता खाली जाते. भट्टीच्या छपरावर पाणी उरले नाही तर तांबे जळून बॉयलरच निकामी होतो. हाकणाऱ्याची एक नजर पाण्याच्या काचेवर आणि एक दाबाच्या काट्यावर लागते.

बॉयलरची गोष्ट

या सर्व कामात बॉयलर सर्वांत अवघड. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझविला की तो नरम पडतो. मग तो साच्यावर हातोडीने ठोकून वळवायचा. ठोकता ठोकता तांबे पुन्हा कडक होते, की पुन्हा तापवायचे. मग तेजाबात साफ करायचे, सांध्यांना टाकणखारासारखे औषध लावायचे आणि गॅसच्या ज्योतीवर चांदीचा डाख द्यायचा. आमच्याकडील तांबट आणि सोनार बांधवांना यातले काहीच नवे वाटणार नाही. आत भट्टीची पेटी, तिच्यातून निघणाऱ्या नळ्या आणि पेटीच्या भिंती दाबाने आत चेपू नयेत म्हणून ओळीने बसविलेले तांब्याचे आधारखिळे. यातला एकही सांधा कच्चा राहून चालत नाही.

हा बॉयलर दर चौरस इंचाला ८० पौंड दाबावर चालतो. पण नवा बॉयलर प्रथम दुप्पट दाबावर, म्हणजे १६० पौंडांवर, तपासला जातो. ही तपासणी वाफेने नव्हे तर थंड पाण्याने करतात. पाणी दाबून फारसे आकसत नाही. त्यामुळे सांधा सुटलाच तर पाणी पाझरते, स्फोट होत नाही. त्यानंतर वाफेची तपासणी वेगळी, आणि पुढेही ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा. दाखला नसेल तर क्लबच्या रुळांवर इंजिन चालविता येत नाही.

मामूंनी आठ महिने खपून बॉयलर बांधला आणि क्लबच्या निरीक्षकासमोर ठेवला. पंपाने दाब चढविला. शंभर पौंड, एकशे दहा, एकशे वीस. तेथे काटा थांबला आणि हळूहळू खाली येऊ लागला. भट्टीच्या पेटीत एका आधारखिळ्याच्या मुळाशी पाण्याचा थेंब दिसला.

मामू म्हणाले, "एवढासा थेंब आहे. मी साठ पौंडांवर चालवीन. दाखला द्या."

निरीक्षक, तेही एक निवृत्त कारागीरच, म्हणाले, "नाही."

मामूंना राग आला. मुमानी सांगत होत्या, दोन महिने शेडला कुलूप होते. "चाळीस वर्षे मशीनवर काम केले, आणि हा मला शिकवतो!" एवढेच ते बोलत.

एका रविवारी ते क्लबवर गेले तेव्हा एका टेबलावर त्याच निरीक्षकाचा स्वतःचा नवा बॉयलर होता, आणि दुसरा माणूस त्यावर पंप मारीत होता. निरीक्षक हात मागे बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे होते. तेथील नियमच असा आहे की निरीक्षक कितीही जाणकार असला तरी आपल्या बॉयलरला आपला दाखला देऊ शकत नाही.

मामू घरी आले आणि त्यांनी कुलूप काढले. डाख पुन्हा दिला, पुन्हा तेजाब, पुन्हा पंप. काटा १६० वर गेला आणि तेथेच राहिला.

आमची गोष्ट

हे ऐकून आम्ही गप्प झालो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही भिवंडीहून लुंगीचा एक मोठा लॉट बाहेरगावी पाठविला होता. मुलाने विचारले होते, "अब्बा, पक्क्या रंगाची टेस्ट करून घेऊ का?" आम्ही म्हणालो, "तीस वर्षे कापड हातात आहे. बोटाने कळते आम्हाला." पहिल्याच धुण्यात रंग उतरला. माल परत आला, पैसे गेले. ते पुढे भरून निघाले. परंतु तो व्यापारी आमच्याकडे पुन्हा आला नाही. बोटाने कळते हे खोटे नव्हते. मात्र ज्या बोटाने माल निवडला, त्याच बोटाला त्यातील खोट दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

मामूंच्या शेडमध्ये ही गोष्ट आम्ही प्रथमच कोणाला तरी सांगितली. ते एवढेच म्हणाले, "थेंब दिसला तो उपकारच होता, बेटा. वाफेत दिसला असता तर?"

धूर आणि शिटी

दुसऱ्या दिवशी आम्ही उद्यानात गेलो. रॉकेलमध्ये भिजविलेल्या लोणारी कोळशाने मामूंनी भट्टी पेटविली. धुराड्यावर एक छोटा पंखा बसवून ज्योत खेचली, मग दगडी कोळशाचे बारीक तुकडे टाकले. काटा हलू लागला. ८० पौंडांवर सेफ्टी व्हॉल्व्ह फुसकन उघडला, तेव्हा आमचे पन्नाशीचे काळीजही धडधडले. मामूंनी आम्हाला मागे बसविले. इंजिन क्षणभर अडखळले, मग एकेक धापा टाकीत निघाले. आमच्यासारख्या जड असामीला ते नेते आहे यावर आमचा विश्वास बसेना.

शेडच्या भिंतीवर मामूंनी माथेरानच्या इंजिनाचे चित्र लावले आहे. नेरळ-माथेरानची ती दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. ती बांधणारे अब्दुल हुसैन पीरभॉय हे मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव. पैसाही त्याच घराण्याचा. लहानपणी मामू एकदा त्या गाडीत बसले होते. आता ते इंजिन छोटे करून बांधायचा त्यांचा मनसुबा आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे. आम्ही म्हणालो, "मामू, पुन्हा सात वर्षे?" ते म्हणाले, "बॉयलर आधी करीन. तपासून घेतला की बाकीचे काम निवांत होते."

कारागीर आणि व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या मुलांच्या हातात कानस आणि हातोडी जरूर द्या. रोजीसाठी नाही तर शौकासाठी द्या. शिकलेला हात गिरणी बंद पडली तरी बंद पडत नाही. आणि आपला माल, मग तो बॉयलर असो वा कापडाचा तागा, बाजारात जाण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती तपासायला द्या. आम्ही परत आल्यापासून आमच्या दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक लॉट मुलगा तपासतो. आम्ही हात मागे बांधून उभे राहतो.