आइनस्टाइनला कोडं घातलं कुणी?

विशिष्ट सापेक्षतेचा धडा बहुधा एकाच प्रयोगानं उघडतो. १८८७ साली क्लीव्हलँडमध्ये मायकेल्सन आणि मॉर्ली यांनी ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत त्या माध्यमाचा, माग काढायचा प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही, आणि तो पेच सोडवायला १९०५ मध्ये आइनस्टाइन पुढे आला. गोष्ट सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहायलाही सोयीची. फक्त घडलं तसं नाही.

आइनस्टाइनच्या शोधनिबंधात मायकेल्सनचं नावच नाही. पृथ्वीची ईथरमधली गती पकडायचे प्रयत्न फसले, एवढाच मोघम उल्लेख आहे. शीर्षकात ‘सापेक्षता’ हा शब्दही नाही. तिथे आहे गतिमान वस्तूंचं विद्युतगतिशास्त्र. आणि सुरुवात होते चुंबक आणि तारेपासून. तारेचं वेटोळं स्थिर ठेवून चुंबक हलवा, नाहीतर चुंबक स्थिर ठेवून वेटोळं हलवा. एकमेकांच्या तुलनेतली गती सारखी असेल तर धारा तेवढीच वाहते. पण तेव्हाचं शास्त्र दोन्हींना वेगवेगळी कारणं देई: चुंबक हलला तर त्याच्याभोवती विद्युतक्षेत्र तयार होतं, वेटोळं हललं तर होत नाही. निसर्ग जो फरक करत नाही, तो पुस्तकात आला कुठून? त्याला टोचत होतं ते हे. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलताना पाहिलेल्या बारावीच्या मुलांना हे कोडं प्रयोगशाळेतच घालता येईल. तरी आपण त्यांना थेट क्लीव्हलँडला नेतो!

म्हणून प्रयोगांशी त्याचं देणंघेणंच नव्हतं, असं म्हणणं हे दुसरं टोक. फिझोनं १८५१ मध्ये वाहत्या पाण्यातून प्रकाश सोडून पाहिला होता. प्रकाशाच्या वेगात पाण्याचा वेग पुरता मिसळत नव्हता, जेमतेम ४४ टक्के मिसळत होता. हा प्रयोग आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचं विपथन आपल्याला पुरेसं होतं, असं आइनस्टाइननं उतारवयात सांगितलं.

लांबीच्या आकुंचनाची कल्पनाही त्याची नव्हे. फिट्झजेराल्डनं ती १८८९ मध्ये मांडली, आणि १९०४ पर्यंत लोरेन्ट्झची रूपांतर-सूत्रं तयार होती. मात्र ईथरमधून जाताना वस्तू खरोखर आखडते, असं त्यांचं मत. आइनस्टाइननं ईथर बाजूला ठेवला आणि वेगळाच प्रश्न विचारला: दोन ठिकाणची घड्याळं जुळवायची कशी?

मायकेल्सनला १९०७ साली नोबेल मिळालं, ते अचूक प्रकाशीय उपकरणं आणि त्यांनी केलेल्या मोजमापांसाठी. ईथर न सापडल्याबद्दल नव्हे.